हेल्मेटवाला मांत्रिक

आमच्या घरात हेल्मेटचा मान देवघराच्या खालोखाल. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते. पहिल्या पाळीला निघताना चहा राहिला तर राहिला, पण हेल्मेट आणि सेफ्टी शूज विसरलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या माझ्या गाढवपणाचं मूळ इथे आहे.

कॉलेजच्या दिवसांत आम्ही दर रविवारी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एक खेळ खेळायचो. शेजारचा दादा हा खेळ इंजिनिअरिंगच्या होस्टेलातून शिकून आला होता. या खेळाला पट नव्हता. दादा गोष्ट सांगायचा आणि तिच्यातली माणसं आम्ही व्हायचो. आपल्या माणसाचा पेशा आधी ठरवायचा: तलवारबाज, मांत्रिक किंवा चोर. वार लागला की हुकला हे पाहायला वीस बाजूंचा फासा लागतो म्हणे. तो भिलाईत कुठून आणणार? आम्ही तांबोल्याच्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या डब्यात घालून खुळखुळवायचो.

माझा मित्र चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून सायकल मारत यायचा. तो सरळ तलवारबाज झाला. मी म्हटलं, "मले तिन्ही पाहिजे."

"घे ना," दादा म्हणाला. "पण लढून होणारी कमाई तिन्ही पेशांत वाटल्या जाईन. हा सरदार होईन अन तू तिन्हीकडं शिकाऊच राहशीन. सोच ले."

मी कशाला सोचतो! तीन पेशांचा माणूस म्हणजे भारी, एवढंच डोक्यात.

वर्षभरात मित्राचा तलवारबाज चांगला तगडा झाला. माझा माणूस कुलूप उघडायला गेला की तार आत तुटायची, तलवार उपसली की शेजाऱ्याला लागायची. मंत्र एकच येत होता, राक्षसाला झोपवायचा. तो मी, आई पाहुण्यांसाठी काजू लपवते तसा, अडीअडचणीला ठेवला होता.

मग मित्राच्या वडिलांची नागपूरकडे बदली झाली. शेवटच्या रविवारी तो आल्या आल्या म्हणाला, "काही कर, पण माझा माणूस जिता बाहेर निघाला पाहिजे. मेलेला घेऊन नाही जायचा मी इथून." हसत म्हणाला खरा, पण आईने पुढे ठेवलेल्या पोह्यांना त्याने हात लावला नाही.

गोष्टीत आम्ही एका जुन्या खाणीत होतो. मागे राक्षस, समोर चिंचोळा बोगदा आणि त्याच्या टोकाला ऊन. तलवारबाज जखमी, पाय ओढत चाललेला. आपली वेळ आली म्हणून मी ऐटीत म्हटलं, "मंत्र!"

दादाने मान वर केली. "आंगावर काय हाये?"

"लोखंडी चिलखत. टोप. लोखंडी बूट."

"मांत्रिकाले?"

"मंग? खाणीत बिना हेल्मेटचा जाऊ काय?"

"लोखंड घालून तलवार चालते, मंत्र नाही चालत. पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

"मंग काढतो."

"काढ. तोवर राक्षस चहा पिऊन राहीन."

मित्र माझ्याकडे बघतच राहिला. "अबे, सालभर तू हे घालून फिरून राहिला होता?"

फिरत होतो. मंत्र कधी काढलाच नव्हता, मग कळणार कसं? आता लढावं, तर तो राक्षस माझ्यासारख्या शिकाऊच्या हातून मरणारा नव्हता. चोरपावलांनी निसटावं, तर बुटांचा खडखडाट. डबा दादाच्या हातात आणि मित्राची नजर डब्यावर.

"बोगदा किती रुंद हाये?" मी विचारलं.

"एक माणूस जाईन इतका."

"चिलखत घालून?"

दादाला हसू आलं. "फसून जाईन. ना पुढं, ना मागं."

"मंग तू पुढं निघ," मी मित्राला म्हटलं. "मी तुझ्यामागं येऊन फसतो."

डबा खुळखुळला. राक्षसाचे पहिले वार चिलखतावरच वाजले. मग एक नेमका लागला आणि माझा माणूस तिन्ही पेशांसकट बोगद्यातच गार झाला. पण तोवर तलवारबाज उन्हात पोचला होता, आणि माझ्या लोखंडी मुडद्यावरून राक्षसाला काही पुढे सरकता येईना.

पोहे गार झाले होते. आई गरम करून देते म्हणाली, तर मित्र नको म्हणाला आणि बशी तशीच संपवली. माझीसुद्धा. मग फाटकाशी सायकलवर टांग टाकत म्हणाला, "तिन्ही कामांत कच्चा हायेस बे तू. पण बूच म्हणून एक नंबर."