लाल रेघांचा तपास

मला इंग्रजी येत नाही, हे निजाम सरकारने लेखी दिलेले आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हैदराबादला शिकवणे उर्दूत, घरी मराठी, आणि इंग्रजीशी माझी गाठ फक्त परीक्षेत पडे. तीही दोघांना नकोशी! आमचे प्राध्यापक म्हणाले, "रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाच. न कळलेल्या शब्दाखाली लाल रेघ मार."

म्हणून सुट्टीत गावी आलो की मी चुडावा स्टेशन गाठी. प्रवाशांनी डब्यात टाकलेली मुंबईची वर्तमानपत्रे तिथले स्टेशनमास्तर माझ्यासाठी ठेवत. (शिळी असत, पण मला ताजीही कळली नसती!) मग ओसरीवर बसून मी रेघा मारी. पेन्सिली संपत, शब्द संपत नसत.

माझे वडील, आबा, शेतकरी. शाळेची पायरी ते चढले नव्हते; पण मास्तर लाल रेघ कशाखाली मारतात, हे त्यांनी माझ्या वह्यांत वर्षानुवर्षे पाहिले होते.

"माणिक, हे समदं चुकलंय का रं?" त्यांनी एकदा विचारले.

खरे बोलायची वेळ हीच होती. पण मला शिकता यावे म्हणून ज्या माणसाने एकट्याने औत हाकले, त्याला 'आबा, हे समदं मला येत न्हाई' असे कोणत्या तोंडाने सांगू? मी नुसती होकारार्थी मान हलवली.

झाले! पूर्णेच्या बाजारात आबांनी जाहीर केले, "कागदात सायबाचं चुकलं की आमचा माणिक लाल रेघ मारतो!"

चौथ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून गावात हजर! त्या दिवसांत निजामाच्या राज्याबाहेरचे वर्तमानपत्र बाळगणे म्हणजे कमरेला पिस्तूल लावण्यासारखे. माझा गठ्ठा चावडीवर गेला. मागोमाग मी आणि आबा.

"ये लाल लकीरां कायकू? कुणाला खुणा करतोस?"

"साहेब, हे शब्द मला कळत नाहीत."

"सगळे?"

"सगळे."

अमीनसाहेबांनी पान उलटले. तेही लाल. (जाहिरातीतली साबणाची वडी तेवढी सुटली होती, ते चित्र होते.)

"कॉलेजवाला, आणि एवढं कळत नाही? झूठ! चल परभणीच्या कोठडीत!"

आबा उसळले. "सायब, पोरगं भ्यालंय! त्येला एकूणएक शब्द येतोय! इचारून बघा!"

"आबा, गप बसा हो!"

"का गप बसू? तू काय कमी हायस?"

अमीनसाहेबांचे डोळे आणखी बारीक झाले. शेवटी इंग्रजी जाणणारे म्हणून स्टेशनमास्तरांना बोलावले. ते घामाघूम होऊन आले (वर्तमानपत्रे त्यांचीच ना!). त्यांनी एका बातमीवर बोट ठेवले आणि मला अर्थ सांगायला लावले. मी अगदी मनापासून सांगितला.

मास्तर एकदा बातमीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिले. "साहेब, ही जहाज बुडाल्याची बातमी आहे. याने त्यात दोनशे पाहुणे जेवायला बसवले!"

अमीनसाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. "असल्या इंग्रजीवर कट कसला करतो हा!" त्यांनी उर्दूत पंचनामा लिहिला: 'या विद्यार्थ्याच्या इंग्रजीपासून रियासतीला काहीही धोका नाही.' खाली शिक्का. एक नक्कल आमच्या हातात.

कोठडी चुकली, पण आबांचे काय? मी खाली मान घालून चालत होतो. कोपऱ्यावर वळताच त्यांनी मागे कोणी नाही ना हे पाहिले आणि माझा दंड धरला.

"लेका, लय पोचलेला हायस! समदं येत असून जहाजात पंगत बसवलीस! अमीनाला पत्ता लागू दिला न्हाईस!"

मी पुन्हा मान हलवली.

"आन् ह्या कागदावर काय लिव्हलंय?"

"सरकारनं माझं इंग्रजी तपासलं, असं."

पुढे मी बी.ए. झालो. पदवीचा कागद आबांनी ट्रंकेत टाकला आणि शिक्क्याचा हा कागद चौकट करून ओसरीच्या भिंतीवर टांगला. घरी उर्दू वाचणारा पाहुणा आला, की मी आजही तो जाईपर्यंत त्या भिंतीला पाठ लावून उभा असतो. लोक म्हणतात, माणिकराव एवढे शिकले, पण पाहुण्यांपुढे बसत नाहीत, किती नम्र!