मांडीवर घेणं

मांडीवर घेणं ह्या दोन शब्दांनी माझा घात केला. आमच्याकडं दत्तक घेताना मूल मांडीवर घेतात. अमक्यानं भावाचा पोरगा मांडीवर घेतला म्हटलं की सगळ्या गावाला कळतं, तो आता त्याचा झाला. आणि माझी मैत्रीण मला फोनवर म्हणाली, "रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. त्याला मांडीवर तूच घ्यायचंस. दुसऱ्या कुणाला मी देणार नाही." आता सांगा, माणसानं ह्याचा अर्थ काय लावायचा?

आम्ही दोघी श्रीरामपूरजवळच्या एका झेडपीच्या शाळेत शिक्षिका. अकरा वर्षं एका डब्यात जेवतोय. ती ख्रिस्ती, मी माळकऱ्यांच्या घरातली, म्हणून शाळेच्या डब्यात तिनं कधी अंडंसुद्धा आणलं नाही. तिला लग्नानंतर आठ वर्षांनी मूल झालं. मला बारा वर्षांत झालं नाही, आणि आता होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून झालंय. तेव्हा तो फोन ठेवल्यावर मी न्हाणीत जाऊन, नळ सोडून रडले. त्यात लाजायचं काय?

आमच्या शाळेतल्या शिपायाची बायको ख्रिस्ती आहे. तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाप्तिस्म्यात बाळाला घेऊन कोण उभं राहतं. ती म्हणाली, धर्ममाता. म्हणजे देवासमोरची दुसरी आई. फादर विचारतात, सैतानाला नाकारता का? तिनं म्हणायचं, नाकारते. पांढरं नेसलेलं बरं दिसतं, हेही तिनंच सांगितलं. मी कशासाठी विचारतेय ते मी बोलले नाही आणि तिनंही खोदून विचारलं नाही. घोळ झाला तो तिथंच.

मग काय, भाकरी थापताना माझं "नाकारते, नाकारते" सुरू. मध्येच धास्ती वाटली, की असं बोलल्यावर मी ख्रिस्ती होते की काय. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, सैतानाला नाकारायला काय धर्म लागतो का? मला वाटलं होतं, सासूबाई अंगावर येतील. त्या गहू निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "पोर पदरात पडतंय न्हवं? मग लई इचारत बसू नको." मी पांढरी साडी घेतली, बारीक जरीची. आणि माझं तोंड काही गप्प बसणारं नाही, त्यामुळं रविवारपर्यंत आख्ख्या गल्लीला कळलं होतं.

चर्चमध्ये पहिल्यापासून माझं सगळं चुकत होतं. सवयीनं चपला दारात काढल्या. आत गेल्यावर पाहते तर सगळे चपला-बूट घालून. आता परत कशाला जा, म्हणून अनवाणीच बसले. लोक उठले की मी उठायची, तोवर ते बसायचे. गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा मी पडलेलं काहीतरी शोधतेय असं शेजारच्या बाईला वाटलं आणि तीही खाली वाकून शोधू लागली. एवढ्यात फादर म्हणाले, धर्ममाता-धर्मपित्यांनी पुढे यावं.

मी उठले. पदर सावरला आणि चार पावलं पुढं गेलेसुद्धा. तेव्हा पहिल्या बाकावरून पांढरी साडी नेसलेली दुसरी एक बाई उठली. मैत्रिणीची नणंद. तिनं सरळ जाऊन बाळाला घेतलं आणि मैत्रिणीनं ते दिलं.

मी मधल्या वाटेत उभी. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. शेवटी पर्समधून मोबाईल काढला आणि फोटोच काढायला आल्यासारखं केलं. फादरांनी विचारलं, सैतानाला नाकारता का? नणंद म्हणाली, नाकारते. माझेही ओठ हलले. त्या दिवशीचे माझ्याकडं सहा फोटो आहेत आणि सहाही छताच्या पंख्याचे आहेत. मला काही कळत नव्हतं. माझ्या जागी तिला उभं केलं, का ती जागा माझी कधी नव्हतीच? मग मला बोलावलं कशाला?

जेवण चर्चमागच्या हॉलमध्ये होतं. मैत्रिणीचं सासर वसईचं. त्या लोकांनी टेम्पोतून थर्माकोलची खोकी भरून, बर्फात घालून मासे आणले होते. तळलेली सुरमई, कोळंबीचा रस्सा, खेकडे. आमच्या भागात मासा म्हणजे धरणातला चिलापी, त्यामुळं इकडच्या पाहुण्यांना खेकडा कुठून फोडायचा तेच कळेना आणि वसईकर त्यांना हसत हसत शिकवत होते. मी माझं भेंडी-पोळीचं ताट घेऊन कोपऱ्यात बसले. तेवढ्यात मैत्रीण आली आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "धर बाई," म्हणाली. "सगळ्यांचे हात माशात. तुझेच तेवढे स्वच्छ." आणि जेवायला गेली.

अस्सं. म्हणजे ह्याच्यासाठी मांडीवर घ्यायचं होतं. मासे न खाणारी एक बाई पाहिजे होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताट बाजूला सारलं. पण बाळाला त्याचं काय? त्यानं माझं बोट धरलं आणि झोपून गेलं. एवढा राग आलेला असताना मांडी हलू द्यायची नाही, हे फार अवघड असतं.

अर्ध्या तासानं ती खेकड्यानं बरबटलेले हात तसेच घेऊन मला विचारायला आली, की तू का जेवली नाहीस. मग मी बोललेच. म्हटलं, मला वाटलं होतं धर्ममाता मी आहे. साडी घेतली. पाठ केलं. गल्लीभर सांगितलं.

ती मटकन खाली बसली.

"मी फादरांना दोनदा विचारलं होतं तुझ्यासाठी," ती म्हणाली. "ते म्हणाले, जिचा बाप्तिस्मा झालेला नाही तिला होता येत नाही. हे तुला सांगायला माझी जीभ रेटेना. म्हणून ठरवलं, निदान जेवणाच्या वेळी तरी ह्याला तुझ्याशिवाय कुणाकडं द्यायचं नाही."

"मग मघाशी हात स्वच्छ आहेत असं का म्हणालीस?"

"दुसरं काय म्हणू? नणंद मागंच उभी होती."

ती रडायला लागली. दोन्ही हात मनगटापर्यंत मसाल्यानं भरलेले, त्यामुळं तिला डोळे पुसता येईनात. मी नव्या साडीच्या पदरानं तिचे डोळे पुसले, नाकही पुसलं. मला तिच्यावर ओरडायचं होतं, तिला जवळही घ्यायचं होतं, आणि मांडीवर हा झोपलेला. मी काहीच केलं नाही. तो भुकेनं उठेपर्यंत आम्ही तशाच बसलो. मग तिनं लिंबानं हात धुतले आणि त्याला पाजायला घेऊन गेली.

संध्याकाळी नवरा स्टँडवर गाडी घेऊन न्यायला आला होता. मला लांबून पाहूनच तो हसायला लागला.

"काय मग, झालीस का आई?"

"झाले," मी म्हटलं, "सगळ्यांची जेवणं होईपर्यंत."