काकांचं तारण

फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला तेरखेड्याचे माझे काका आठवतात. ते फटाक्यांच्या कारखान्यात कामाला होते, आणि आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत प्रार्थनेला त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा असे. मग कारखान्यातल्या स्फोटात त्यांची एकुलती एक लेक भाजली आणि दवाखान्यात तडफडून गेली. तिला माती दिल्यापासून काका चर्चची पायरी चढले नाहीत. पुढं काही वर्षांनी काविळीनं ते अंथरुणाला खिळले. उन्हाळ्याची दुपार होती, वरचे पत्रे तापून तडतडत होते. काकूनं चर्चच्या पाळकांना बोलावून आणलं. ते उशाशी बसून हळूच म्हणाले, "भाऊ, एकदा तारण झालं, जीव पापातनं सुटला, म्हणून भागत न्हाय, शेवटपर्यंत विश्वासात टिकावं लागतं. अजून येळ हाय. प्रभूचं नाव घ्या." काका म्हणाले, "लेकीसाठी घसा कोरडा पडस्तोवर घेतलं की ते नाव. आता निस्तं मरणाच्या भ्यानं घेऊ व्हय? खोटं व्हईल ते." संध्याकाळच्या आत ते गेले. मातीला पाळक आले, पण विश्वासात मेलेल्यासाठी म्हणतात ते 'हा प्रभूमध्ये झोपी गेला' हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात. तेव्हा काकू म्हणाली, "यांनी हात सोडला, पाळकसाहेब. पर प्रभूनं बी सोडला का, तेवढं सांगा मला." फावड्यानं माती पडायला लागली. आता त्याच मंडळीचा मी पाळक आहे. मरणाऱ्याच्या उशाशी बसलो की मीही टिकून राहायलाच सांगतो. काकूला मात्र अजून उत्तर देता आलेलं नाही, आणि ती दर रविवारी पहिल्या बाकावर माझ्या तोंडाकडं बघत बसते.