एक माणूस कमी

प्रागच्या जुन्या चौकात आम्ही सकाळी साडेदहाला पोचलो, आणि पावणेअकरा वाजेपर्यंत माझे अप्पांना तीन प्रश्न विचारून झाले होते. आज वार कोणता? काल रात्री काय जेवलो? आपण राहतो तो मजला कितवा?

"बुधवार. पिठलं-भात. तिसरा," अप्पा म्हणाले.

मजला चौथा होता. मी मनात खूण करून ठेवली.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत काम करते. आलेला माल उलटा-सुलटा करून त्यातली खोट शोधायची, याचाच मला पगार मिळतो. कंपनीने चार महिन्यांसाठी प्रागजवळच्या कारखान्यात पाठवलं होतं. मधल्या सुट्टीत घरी आले तेव्हा कळलं, की अप्पा दोनदा भाजी आणायला गेले आणि घराचा रस्ता चुकले. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात, जिथे त्यांची तीस वर्षं गेली, तिथे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक काम सांगितलं: काय विसरतात ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा, तीन महिन्यांनी बघू. वही मी घेतली. अप्पांना त्यातलं काही सांगायचं नाही असं माझं आणि आईचं ठरलं. परतताना पंधरा दिवसांची रजा काढून मी त्यांनाच प्रागला बरोबर घेऊन आले. आईचे गुडघे विमानात बसू देईनात. निघताना ती एवढंच म्हणाली, "फिरव, सगळं दाखव. पण त्यांचा हात सोडू नकोस."

वहीत काय लिहिलं जातंय यावर पुढचं सगळं ठरणार होतं. अप्पांनी एकट्याने फिरायला जायचं की नाही, दाराला आतून कुलूप लावायचं की नाही. ज्या माणसाने मला सायकल शिकवली त्याच्या दाराला मी कुलूप लावायचं. त्यामुळे मी चौक बघतच नव्हते, अप्पांना बघत होते.

चौक मात्र बघण्यासारखा आहे. एका बाजूला दोन टोकदार मनोऱ्यांचं काळपट चर्च, मधोमध हिरवट पडलेला मोठा पुतळा, भोवती गुलाबी-पिवळ्या रंगाची घरं, एकेका घराच्या कपाळावर नक्षी. खाली सगळीकडे दगडी ठोकळे बसवलेले. एका ठिकाणी जमिनीत पितळेची पट्टी आहे, तिच्यावर एके काळी खांबाची सावली पडली की शहराचे बारा वाजत. जुन्या नगरभवनासमोर फरशीत पांढरे क्रॉस बसवलेत, तिथे कोणे एके काळी सत्तावीस जणांना मारलं होतं. मी सगळं वाचून पाठ करून आले होते आणि गाईडच्या थाटात सांगत होते. अप्पा माना डोलवत होते. मग म्हणाले, "ह्या दगडांवरनं मालाची ट्रॉली कशी वढत असतील गं? चाकं खिळखिळी व्हतील."

चौकाच्या कोपऱ्यातून आत जाणाऱ्या गल्लीत एका जुन्या इमारतीचं काम चाललं होतं. लोखंडी परांची, हेल्मेट घातलेले कामगार, पत्र्याचं कुंपण. तिथे अप्पा जे थांबले ते हलेनातच. कुंपणावर बारीकसारीक सूचनांचे बोर्ड लावले होते, ते डोळे बारीक करून एकेक बघत राहिले. "इथंबी आपल्यावानीच हाय की सगळं!" चर्चपुढे दोन मिनिटं न थांबलेला माणूस पत्र्याच्या कुंपणापुढे दहा मिनिटं उभा! मला राग आला. सातासमुद्रापलीकडे येऊनही ते निवृत्त झाले तो पिंपरीचा कारखानाच बघायचा असेल तर विमानाने कशाला यायचं? "चला अप्पा, बाराचं घड्याळ चुकेल," असं म्हणून मी त्यांना दंडाला धरून ओढत आणलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ते आले.

हे घड्याळ म्हणजे चौकाचा प्राण. सहाशे वर्षांपूर्वीचं, नगरभवनाच्या भिंतीवर. तास झाला की सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्या उघडून संतांच्या मूर्ती फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो. ते बघायला ही तोबा गर्दी. मी नियम सांगितला, "अप्पा, चुकामूक झालीच तर इथंच, घड्याळाखाली थांबायचं." त्यांच्याकडून तो दोनदा वदवून घेतला. पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी सकाळीच त्यांच्या स्वेटरच्या खिशात घातली होती. त्यांचा फोन आणि पासपोर्ट माझ्या पिशवीत, कारण ते हरवतील. ते नाही हं, फोन आणि पासपोर्ट.

बाराला मिनिट राहिलं तेव्हा आईसाठी व्हिडिओ घ्यावा म्हणून मी फोन वर धरला. फोन धरायला दोन हात लागतात.

घंटा सुरू झाली आणि त्याच क्षणी कुठून तरी भोंगा वाजू लागला. एकसुरी, लांबलचक, सगळ्या शहरावर पसरलेला. फोन वरच धरून मी आकाशाकडे बघितलं. पण गर्दीतलं कुणी हललं नाही. बहुतेकांना तो घड्याळाचाच भाग वाटला असावा. इथे दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगे चालू आहेत की नाहीत ते तपासतात, हे मला नंतर कळलं. दोन मिनिटांहून जास्त वेळ तो वाजत राहिला. थांबल्यावर मी मागे वळून म्हटलं, "अप्पा, बघितलं का?"

मागे एक अनोळखी बाई उभी होती.

मे महिन्यातही अप्पा तपकिरी माकडटोपी घालून फिरत होते. आख्ख्या चौकात तशी टोपी एकच, तरी दिसेना. घड्याळाखाली गर्दी पांगली, तिथे ते नव्हते. पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. चर्चच्या दारापाशी, टांगे उभे राहतात तिथे, कॉफीच्या टेबलांमधून बघून आले. "अप्पा! अप्पा!" असं मी चाकणच्या बाजारात ओरडावं तशी ओरडत होते आणि लोक वाट सोडत होते. पोलिसाला पासपोर्टवरचा फोटो दाखवायला पिशवी उघडली तर वरच ती चिठ्ठी. सकाळी ट्राममध्येच त्यांनी ती गुपचूप परत टाकली असणार. घालताना म्हणालेच होते, "मी काय कुरिअर हाय का?"

ज्याला आपला पत्ता सांगता येत नाही, इथली भाषा येत नाही, ज्याचा फोन मी काढून घेतलाय, असा माणूस मी परक्या देशाच्या राजधानीत मोकळा सोडला होता. नियम त्यांनी दोनदा म्हणून दाखवला होता आणि दहा मिनिटांत विसरले होते. आता वहीत काय लिहायचं ते ठरलंच, असंही मनात आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

साडेबारा होत आले आणि फोन वाजला. आई. तिकडे चार वाजत आले होते, चहा टाकला की ती रोज फोन करायची.

"काय बघितलंत? हे कुठंयत?"

"बाथरूमला गेलेत."

"अगं, आवाज कसा झालाय तुझा! खोटं बोलू नकोस माझ्याशी."

मला रडू फुटलं. भर चौकात उभी राहून मी सगळं सांगितलं, व्हिडिओ, हात सोडला, भोंगा झाला, अप्पा गेले. मला वाटलं ती आता हंबरडा फोडेल. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"भोंगा झाला म्हणतेस?"

"हो, पण त्याचा काय..."

"मग भोंगा झाल्यावर ते कुठं जातात, विसरलीस?"

आणि मला आठवलं. कारखान्याच्या प्रेस शॉपमधली, पत्रा दाबायच्या खात्यातली चौतीस वर्षं, त्यातली शेवटची बारा अप्पा त्यांच्या खात्याचे सेफ्टी मार्शल होते. महिन्याला मॉक ड्रिल. भोंगा झाला की हातातलं काम टाकायचं, पळायचं नाही, भरभर चालत असेंब्ली पॉइंटला, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागी जायचं, आणि आपल्या खात्याची मोजणी पुरी होईपर्यंत जागा सोडायची नाही. एकदा खरोखरच आग लागली होती. त्या दिवशी एक माणूस कमी भरला म्हणून अप्पा संध्याकाळपर्यंत हलले नव्हते. तो माणूस आधीच घरी जाऊन जेवून झोपला होता! आमच्या घरात ही गोष्ट कितीदा तरी सांगून झाली होती.

मी पळत सुटले. आई फोनवरच होती.

पत्र्याच्या कुंपणावर असेंब्ली पॉइंटचा हिरवा बोर्ड होता: मधे चार माणसं, चार कोपऱ्यांतून त्यांच्याकडे येणारे चार बाण. माझ्या कंपनीच्या गेटापाशी अगदी असाच आहे, रोज त्याच्यावरून माझी नजर जाते. मघाशी मी त्याच्यासमोरूनच अप्पांना ओढत नेलं होतं. त्या बोर्डाखाली अप्पा ताठ उभे होते, उजवा हात डोक्याच्या वर, मार्शल धरतात तसा. अर्धा तास. परांचीवरचे दोन कामगार काम थांबवून त्यांच्याकडे बघत होते, पण हसत नव्हते.

मला बघून अप्पा डाफरले, "व्हतीस कुठं? भोंगा झाला की भाईर पडायचं, कळत न्हाई? आत काय राहिलं व्हतं तुझं?"

मी त्यांना मिठी मारली. त्यांनी एका हातानेच मला थोपटलं, दुसरा वरच होता. "चला अप्पा, झालं आता. हात खाली करा."

"कसं झालं?" त्यांनी आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे केलं. "एक. दोन. तिसरी कुठाय? तुझी आई अजून आतच हाय."

मिठीतून सुटून मी एक पाऊल मागे झाले. इतका वेळ त्यांचं सगळं बरोबर होतं, आणि खरी चुकले होते ती मी. एवढ्यातच माझा जीव भांड्यात पडला होता, तो पुन्हा उडाला. ती पिंपरीत आहे हे त्यांना कसं सांगायचं ते मला समजेना. फोनमधून आईचा आवाज आला, "दे त्यांना."

मी फोन स्पीकरवर टाकून पुढे धरला.

"हजर आहे," आई म्हणाली. शाळेतल्या मुलीसारखं, स्पष्ट. "मोजणी पुरी झाली. आता हात खाली घ्या आणि काहीतरी खाऊन घ्या."

अप्पांनी हात खाली घेतला. खांदा चोळत म्हणाले, "हां. मग चला."

एकच्या ठोक्याला आम्ही परत घड्याळासमोर होतो. या वेळी बाकावर बसून, माझे दोन्ही हात त्यांच्या दंडाला. संत फिरले, कोंबडा आरवला. अप्पांनी नीट बघितलं आणि यंत्र अजून गुळगुळीत चालतंय म्हणून शाबासकी दिली. लोक पांगले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझी आई आपल्याबरोबर आलीच न्हवती, व्हय ना?"

"नाही, अप्पा."

"घरीच हाय ती."

"हो."

त्यांनी माकडटोपी काढली, मांडीवर घडी घालून ठेवली. "मग लिही की ते तुझ्या वहीत."

वही माझ्या पिशवीत, फोन आणि पासपोर्टच्या खाली होती. ती त्यांनी कधी बघितली, किती दिवस त्यांना माहीत होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

"मोजणी चुकली तर चुकली म्हणून लिहायची," अप्पा म्हणाले. "लपवली तर माणूस आत राहतो."

मी वही काढली आणि त्यांच्यासमोरच लिहिलं. तारीख त्यांनी सांगितली. बरोबर होती.