परदेशीपुऱ्याची दुपार

स्नेहलतागंजमध्ये एका दुकानाच्या माडीवर आमचं इंटरनेटचं छोटं ऑफिस होतं. तिथून निघालेल्या तारा छपरांवरून, झाडांवरून गावभर गेलेल्या, आणि जागोजागी भिंतींवर आमचे डबे टांगलेले, ज्याची भिंत त्याच्याच विजेवर चालणारे. ते जागे आहेत की नाही हे बघणं माझं काम. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. मग प्रोग्राम सगळ्या डब्यांना एकदमच हाक मारायचा, आणि कोणाचं उत्तर किती वेळात आलं ते ओळीओळीनं उतरत राहायचं. पोलोग्राउंड लगेच बोलायचं. काही वस्त्या विचार करून बोलायच्या. मला ते बघायचं वेडच लागलं होतं. दुपारी पंख्याखाली बसलं की वाटे, सगळं गाव शेजारी पहुडलंय आणि त्याचा श्वास ऐकू येतोय.

परदेशीपुरा मात्र रोज दुपारी गप्प. जेवणं आटोपली की उत्तरं रखडायची, मग यायचीच नाहीत, आणि दिवेलागणीला पुन्हा सुरळीत. मालक वैतागले.

"मॅडमजी, कस्टमरचे फोनवर फोन येतायत. कोणी भाई-भिया आकडा टाकून बिजली खेचत असेल ना, तर सीधा बिजलीवाल्यांना आणून उभं करतो. तुम्ही फक्त जागा दाखवा!"

घरी मी हे बाबांना सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. बाबा मिलमध्ये जॉबर होते. मागांची अख्खी रांग त्यांच्या हाताखाली चाले. मिलला कुलूप लागलं आणि त्यांचं बोलणंच आटलं. सकाळभर अंगणात बसून राहत, दुपारी वाचनालयात जात. पेपरच्या मथळ्यांपलीकडे न जाणारा माणूस वाचनालयात रमतो याचं आईला आणि मला नवल वाटे. पण घराबाहेर पडतायत हेच खूप होतं, म्हणून आम्ही छेडत नसू.

शेवटी एका दुपारी मी स्वतःच परदेशीपुऱ्यात गेले. आमचा डबा एका पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर होता, शेडच्याच विजेवर. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. एवढ्यात आत कोणीतरी खटका दाबला, पॉवरलूम खडखडायला लागले, आणि माझे दिवे मंदावत विझून गेले. इतकी सोपी गोष्ट! मला हसू आलं. गुन्हेगार बघावा म्हणून मी दारातून डोकावले.

आत बाबा होते. अंगात बनियन, भुवयांवर कापसाची पांढरी लव. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात तंतू सावकाश तरंगत होते. बाबांनी तुटलेला धागा चिमटीत धरला, गाठ मारली, माग पुन्हा चालू केला. दुसऱ्याच्या शेडमध्ये साधे कारागीर म्हणून. मला रडू यायला हवं होतं, पण बाबा गात होते. त्या खडखडाटात शब्द कुठले ऐकू येणार. ओठ हलताना दिसत होते. मिल बंद पडल्यापासून मी त्यांना गाताना पाहिलं नव्हतं.

खांबावरून शेडवर आलेला आकडा तर आंधळ्यालाही दिसला असता. मी जागा दाखवली की शेड बंद, आणि बाबा परत अंगणात. मला भीती वाटली, खरीखुरी. मग लक्षात आलं की आमचा डबाही त्याच चोरीच्या विजेवर जगतोय. समोरच्या पीसीओवरून मी मालकांना फोन लावला, आकड्याचं आणि आपल्या डब्याचं सांगितलं आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "मग बिजलीवाल्यांना बोलवायचं ना?"

"अरे, रहने दो मॅडमजी! डबा चुपचाप दुसऱ्या घरी हलवा!"

वळले तर बाबा शेडच्या दारात उभे.

"तुझी लाइन आमच्यामुळे बसत होती का गं?"

"हो."

"मग आता हे बंद?"

"नाही. डबा हलवतेय."

त्यांनी हातावरची लव झटकली. मग म्हणाले, "ये. आवाज फार आहे, पण आत ये."

मिल चालू होती तेव्हा फाटकाच्या आत मी एकदाही गेले नव्हते. बाबांनी माझी ओढणी नीट खोचून दिली, मागात अडकू नये म्हणून, आणि मला आपल्या कामावर घेऊन गेले.