विहिणीच्या गाण्याला कात्री

मुलीच्या लग्नात मी सेन्सॉर बोर्ड होतो. नेमणूक बायकोनं केली. आमच्याकडं विहीण पंगतीला बसली की नवरीकडच्या बायका तिच्यावर गाणी म्हणतात. तिचा रंग, वजन, चिक्कूपणा, काही सुटत नाही. पण या विहीणबाई सोलापूरच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांना राग आला तर उद्यापासून तो मुलीनं सोसायचा.

म्हणून मी, गाणी म्हणण्यात पुढं असणाऱ्या माझ्या आत्याची गाणी आधी ऐकली आणि भाकरीची ओळ कापली. समाजात काही गोष्टी झाकूनच ठेवाव्या लागतात, असं छोटंसं भाषणही दिलं. आत्या म्हणाली, "गाण्यातलं तुला काय कळतंय रं? पर बाप तू हायेस. न्हाय म्हणत."

नळदुर्गच्या कार्यालयात पंगत बसली. आत्यानं चाल धरली आणि त्या ओळीपाशी येऊन नुसतं हुंहुंहुं केलं. दिलेला शब्द तिनं पाळला होता. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. विहीणबाईंचा घास हातातच राहिला. मी खांबाआडून नको नको म्हणून हात हलवले. ते आत्याला उत्तेजन वाटलं असावं. तिनं दुप्पट जोरानं हुंहुंहुं केलं.

विहीणबाईंनी मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "भाऊ, तिथं काय होतं? आमच्या पोराच्या मोडलेल्या सोयरिकीचं?"

ती सोयरीक आम्हाला आधीच सांगितलेली होती. गाण्यात तिचं नावही नव्हतं. मी म्हणालो, भाकरीचं होतं. त्यांना पटेना. भाकरी कोण कापतं? लांब उभी असलेली मुलगी आमच्याकडंच बघत होती. मी आत्याकडं वळलो, ती ओळ म्हणून टाक म्हणालो.

"तूच कापलीस," आत्या म्हणाली, "आता तूच म्हण."

मग भर पंगतीत, ट्रकच्या हॉर्नइतक्या सुरेल आवाजात, मी म्हणालो:

"विहीणबाईंची भाकर जाड,
खाता खाता हलली दाढ."

विहीणबाईंनी घास खाल्ला, हात ताटावर धरला आणि आमच्यापेक्षा खणखणीत आवाजात सुरू केलं:

"नवरीच्या बापाच्या पोटाचा घेर,
पंगतीत मावंना, बसला बाहेर."

सगळं कार्यालय हसलं, मुलगीही. ही ओळ तेवढी कापायला हवी होती, असं मला अजून वाटतं.