आठवीचा शनिवार

एप्रिलच्या शेवटी आमच्या केंद्रातल्या मुख्याध्यापकांची बैठक असते. यंदा केंद्रप्रमुख म्हणाले, "आकडेवारी नको. वर्ष कसं गेलं आणि मनात काय राहिलं, तेवढं प्रत्येकानं दोन मिनिटांत सांगा." कुणी रंगवलेल्या भिंतींबद्दल बोललं, कुणी शिष्यवृत्तीच्या मुलांबद्दल. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. पहिलीचा वर्ग दिवाळीपर्यंत वाचायला लागला होता. पण उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "माझ्या सातवीतली एक मुलगी आठवीला जाईल की नाही, मला माहीत नाही."

शेजारचे सर हळूच म्हणाले, "मॅडम, सातवी झाली की ती तुमच्या पटावर नाही. सुटलात तुम्ही."

मला काही सुटल्यासारखं वाटेना.

आमची शाळा मळवलीजवळ, सातवीपर्यंत. हायस्कूल हायवेच्या पलीकडे. गावातली बरीच घरं भातशेती करून पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले सांभाळतात. या मुलीची आई असाच एक बंगला बघते. वडील आंबीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पाळीवर असतात. मुलगी हुशार, थोडी तोंडाळ. मार्चपासून आईचं एकच म्हणणं होतं, "आता पुरं झालं, बाई. शनिवार-रविवारी मला एकटीला व्हत न्हाई."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझी थोरली बहीण, आक्का, सातवीनंतर घरी राहिली. म्हशी, धुणं, भाताची लावणी सगळं तिच्याकडे गेलं, म्हणून मी पुढे शिकले. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. पण या मुलीचं तिला सांगितल्यापासून ती रोज फोनवर विचारायची, "काय गं, त्या पोरीचं काय झालं? का नुसताच पगार घेती?" ती हसत म्हणायची. मला हसू यायचं नाही.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले. सातवीची मुलं आपापले शाळा सोडल्याचे दाखले घेऊन गेली. हिचा तेवढा टेबलावर राहिला. तो पर्समध्ये घातला आणि तशीच बंगल्यावर गेले. सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला होता. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आत गाण्यांचा दणदणाट. मुलगी स्विमिंग पूलच्या कडेचे ओले टॉवेल गोळा करत होती. मला पाहिलं आणि तिनं टॉवेल पाठीमागे धरले.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बाई, आज नगा. बंगला भरलाय. मंगळवारी या, मंग निवांत बोलू."

मंगळवार येईपर्यंत मी घरात नुसती फिरत होते. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. मुलींना मिळणाऱ्या सवलती, सायकल, माझं स्वतःचं उदाहरण. आक्काचं नाव काढायचं की नाही, ते मात्र ठरत नव्हतं.

मंगळवारी बंगला रिकामा होता. दोरीवर चादरी वाळत होत्या. आई पायरीवर बसली. मी पर्समधला दाखला काढून मांडीवर ठेवला आणि मनात जुळवलेलं सगळं बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं समदं खरं, बाई. सोमवार ते शुक्रवार जाऊ दे की. पन हायस्कूल शनिवारी सकाळचं. तवाच मला दोन हात कमी पडत्यात. शनिवारी आत्ताच खाडे केले, तर म्होरं ती शाळा काय टिकायची?"

वर्षभर पालकांना हजेरीचं महत्त्व सांगणारी मी, शनिवारी नाही आली तरी चालेल, हे कुठल्या तोंडानं म्हणणार?

चादरींच्या मागून मुलगी म्हणाली, "आई, शनिवारी सकाळी उठतं कोन?"

"म्हंजी?"

"शाळा साडेदहाला सुटती. अकरा वाजेपातुर पाव्हणं उठत्यात कुटं? रातभर गानी लावत्यात. तू त्यांच्यासाठी चहा करती, गार झाला की ओतून देती, परत करती."

"लय शानी झालीस! आन एकांदा लवकर उठला तर?"

"त्याला म्हन, डोंगराकडं फिरून या. हवा चांगलीय."

आईला हसू आवरेना. पदरानं तोंड पुसून तिनं हात पुढे केला. "द्या तो दाखला. पन आता कबूल करत न्हाई. जूनमदी बघू."

त्या 'बघू'नं माझी अख्खी सुट्टी खाल्ली. पाहुण्यांनी लवकर झोपायचं ठरवलं तर? नवा मालक आला तर? आक्का म्हणाली, "तुला मेची सुट्टी सोसत न्हाई."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या शनिवारी सकाळी मी शाळेला जाताना हायवेवर जीपमधून उतरले. समोरून ती मुलगी येत होती. नवा गणवेश, ओले केस, हाताला कांद्याचा वास येतो की काय म्हणून बोटं नाकाशी नेत. मला बघून रस्त्याच्या कडेनंच ओरडली, "बाई, झोपल्यात! समदे झोपल्यात!" आणि हायस्कूलच्या दिशेनं पळाली.

शाळेत पोचायच्या आधीच आक्काला फोन लावला. "गेली," म्हटलं.

पावसात धबधबे सुरू झाले की पाहुणे सकाळीच उठून बाहेर पडतात, हे आक्कालाही ठाऊक होतं.

ती म्हणाली, "आन पुढच्या शनिवारी?"